बरा दिसणे आणि बरा होणे

पॅथॉलॉजीचे ते जाडजूड पुस्तक घरात नेहमी जेवणाच्या टेबलावरच पडलेले असायचे. त्यावर कधी पोह्यांची बशी असे, तर कधी आजीचा चष्मा. एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली घरातली थोरली लेक येता-जाता मोठ्याने पाठ करायची, "तांबड्या पेशींचं आयुष्य १२० दिवस. प्लेटलेट्सचं सात ते दहा दिवस..."

"इतक्या लवकर मरतात, तर नव्या कुठनं येतात गं?" भाजी निवडता निवडता आजी विचारायची.

"हाडांच्या आतल्या मज्जेतून. चोवीस तास चालणारा कारखानाच आहे तो, आजी."

"म्हणजे आपल्या लालबागच्या गिरण्यांसारखा. तीन पाळ्यांचा."

लेक हसायची. पण उपमा तिला आवडली होती. गिरणी एक आणि खाती तीन. तांबड्या पेशी अंगभर प्राणवायू पोहोचवतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट्स वाहते रक्त थांबवतात. एखाद्या खात्याचे काम कमी पडले, तर त्याची खूण शरीरावर उमटते. पहिले खाते कमी पडले तर चेहरा फिका पडतो आणि धाप लागते. दुसरे कमी पडले तर ताप हटत नाही. तिसरे कमी पडले तर हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग उमटतात.

रक्ताच्या बाबतीत एक धडा मात्र तिला पुस्तकाआधी आजीनेच दिला होता. आजी शुद्ध शाकाहारी, त्यात दुधाची नावड. आदल्या वर्षी तिला फार थकवा येऊ लागला, पायांना मुंग्या येऊ लागल्या. शेजारणीच्या सल्ल्याने तिने लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या. महिन्या-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढले, चेहऱ्यावर तजेला आला. "आजी सुधारल्या हो!" असे सगळे म्हणू लागले. मुंग्या मात्र वाढतच गेल्या आणि अंधारात चालताना आजीचा तोल जाऊ लागला. तपासणीत कळले की खरी कमतरता बी-१२ जीवनसत्त्वाची होती. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त भरून निघते, पण बी-१२ अभावी मज्जातंतूंची होणारी हानी आतल्या आत चालूच राहते. बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली आणि आजी सावरली.

लेकीने पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवले : 'रक्त सुधारले म्हणजे रोगी सुधारला, असे नव्हे.'

हे वाक्य पुन्हा किती वेगळ्या रूपात भेटणार आहे, याची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

तीन खुणा, एक मूल

घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा मुलगा पाच वर्षांचा. सुटीच्या दिवशी आईबरोबर यायचा आणि आजीने दिलेला लाडू दारात बसून खायचा. एका रविवारी त्याने लाडू तसाच ठेवला आणि तो भिंतीला टेकून झोपून गेला.

"महिना झाला ताई, असंच चाललंय," मावशी म्हणाल्या. "ताप येतो, जातो. पाय दुखतात म्हणून रात्री रडतो. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. काल या गोळ्या लिहून दिल्यात, सुजेवरच्या आहेत म्हणे. अजून आणल्या नाहीत."

लेकीने चिठ्ठी पाहिली. स्टेरॉईडच्या गोळ्या होत्या. मग तिने मुलाची पापणी खाली ओढून पाहिली. आतून ती कागदासारखी पांढरी होती. नडग्यांवर निळे डाग होते आणि पावलांवर लाल, बारीक ठिपके, बोटाने दाबले तरी न विरणारे. मानेला दोन्ही बाजूंना गाठी लागत होत्या.

फिकेपणा, ताप, रक्ताचे ठिपके. तिन्ही खाती एकाच वेळी बंद पडली होती.

"मावशी, मी अजून डॉक्टर झालेली नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण रक्त तपासल्याशिवाय या गोळ्या देऊ नका. आज, आत्ताच तपासू या."

हे सांगण्यामागे कारण होते. रक्ताच्या कर्करोगात स्टेरॉईडने काही दिवस दुखणे थांबते, तापही उतरतो. मूल बरे झाल्यासारखे वाटते. पण निदान लांबते, तपासणीतल्या खुणा पुसट होतात आणि पुढच्या उपचारांचे गणित बिघडते.

संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ६. पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या आत हव्यात, त्या ६२ हजार होत्या. प्लेटलेट्स किमान दीड लाख हव्यात, त्या अवघ्या १८ हजार. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून पाहिला, तेव्हा त्यात अपक्व पेशींची गर्दी दिसली. दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मज्जेची तपासणी झाली आणि नाव कळले, ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच.

"पांढऱ्या पेशी एवढ्या वाढल्यात, मग ताप का हटत नाही?" आजीने विचारले.

"त्या कामाच्या नाहीत, आजी. अर्धवट वाढलेल्या आहेत. गिरणीत बिनकामाची माणसं घुसून बसली, तर कामगारांना उभं राहायला जागा उरत नाही ना, तसं."

आजीने डोळे मिटून हात जोडले. मग तिला काहीतरी आठवले. "गॅलरीत सदाफुली आहे. कॅन्सरवर चालते म्हणतात. पाला वाटून देऊ का त्याला?"

"नको, आजी! औषध तिच्यापासूनच होतं हे खरं. व्हिन्क्रिस्टिन. पण टनावारी वाळलेली पानं लागतात, तेव्हा कुठे थोडं औषध हाती येतं आणि त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. कच्चा पाला म्हणजे विषच. ते औषध त्याला मिळणारच आहे, शिरेतून."

त्या औषधाबद्दल वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांनी तिला एक गोष्ट बजावून सांगितली होती. व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतच द्यायचे. पाठीच्या कण्यातून द्यायच्या औषधाशी त्याची अदलाबदल झाली, तर जीव जातो. म्हणून ही दोन औषधे एकाच वेळी, एकाच ट्रेमध्ये कधीच ठेवायची नाहीत. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांना येतो, वॉर्डात मात्र त्याची किंमत एक मूल असते.

परळ ते बोस्टन

उपचार सुरू झाले. महिनाभराचा पहिला टप्पा होता. स्टेरॉईड, व्हिन्क्रिस्टिन, ॲस्परॅजिनेज. मेंदूभोवती रोगाने दडी मारू नये म्हणून पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट. जे स्टेरॉईड निदानाआधी घातक ठरले असते, तेच आता योग्य वेळी आणि योग्य सोबतीने औषध झाले होते.

मेथोट्रेक्सेट हे नाव लेकीच्या डोक्यात घोळत राहिले. पुस्तकात लिहिले होते, फॉलिक ॲसिडच्या विरोधी औषध. म्हणजे आजीच्या गोळीतल्याच पदार्थाचा वैरी! तिने ग्रंथालय गाठले आणि शोधाचा माग काढत ती थेट तिच्या रोजच्या वाटेवर येऊन पोहोचली. कॉलेजला जाताना परळला हाफकिन संस्था लागते. तिथेच या कथेची सुरुवात होती.

१९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. इथल्या गरीब, कष्टकरी स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात एक विचित्र पंडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने मोठ्या होत. कित्येकींचा त्यात अंत होई. जंतूंमुळे हे होत असावे, अशीही एक शंका होती. लुसी विल्सनी त्यांच्या आहाराकडे पाहिले. त्यांचे जेवण निकृष्ट होते. यीस्टपासून केलेला, इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात तो 'मारमाइट' नावाचा काळा, चिकट, स्वस्त पदार्थ त्यांनी आधी एका माकडावर आणि मग या बायकांवर वापरून पाहिला. रक्त भरून आले. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टमधले ते गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक ॲसिड. पुढे १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव मिळाले.

"माझी सासू त्याच काळात गिरणीत कामाला होती," हे ऐकून आजी म्हणाली. "चहा आणि भाकरीवर दिवस काढायच्या बाया."

कथेचा पुढचा धागा आंध्रातल्या भीमावरम गावच्या माणसाच्या हाती होता, येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या दोन भावांचा बळी स्प्रू या आतड्यांच्या रोगाने घेतला होता. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२३ साली ते अमेरिकेला गेले आणि पुढे लेडर्ली कंपनीत संशोधनप्रमुख झाले. १९४५ साली त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले. ज्या स्प्रूने भाऊ नेले, त्यावरही ते गुणकारी ठरले.

बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर यांनी फॉलिक ॲसिडच्या कुळातली द्रव्ये ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिली. पण रोग उलट वेगाने वाढतो आहे, असे त्यांना दिसले. नव्या पेशी तयार व्हायला फॉलिक ॲसिड लागतेच. मग ती पेशी चांगली असो की कर्करोगाची. या अपयशातूनच फार्बरना नवी वाट सुचली. हे अन्न रोगाला पोसत असेल, तर ते अन्न तोडले तर?

सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फॉलिक ॲसिडसारखीच दिसणारी, पण काम न करणारी द्रव्ये बनवली होती. कुलपात खोटी किल्ली अडकवून ठेवावी म्हणजे खरी आत जाऊ शकत नाही, तसे त्यांचे काम. त्यातले अमिनोप्टेरिन फार्बरनी डिसेंबर १९४७ च्या अखेरीस एका दोन वर्षांच्या मुलाला दिले. अंथरुणाला खिळलेले मूल उठून खेळू लागले. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या १० मुलांत सुधारणा झाली होती. तोपर्यंत ज्या रोगावर काही म्हणजे काहीच उपाय नव्हता, तो पहिल्यांदाच मागे हटला होता. मेथोट्रेक्सेट हे याच द्रव्याचे भावंड. सुब्बाराव मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

पण लेख वाचता वाचता लेक थबकली. ती सुधारणा टिकली नव्हती. काही आठवडे, काही महिने... आणि मग रोग परतला. खेळू लागलेली मुले पुन्हा अंथरुणाला खिळली.

"पोरगं चांगलं झालंय की!"

महिनाभराने मावशींच्या मुलाची मज्जा पुन्हा तपासली. रिपोर्टवर शब्द होता, रेमिशन. अपक्व पेशी पाच टक्क्यांच्या खाली आल्या होत्या. डोक्यावरचे केस गेले होते, पण गाल भरले होते. भूक तर अशी लागायची की तो रात्री उठून भाकरी मागायचा. आजीच्या हातचे दोन लाडू त्याने एका दमात संपवले.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या डोळे पुसतच. "ताई, हे म्हणतात, पोराला घेऊन गावी जाऊ या. मिरगाची पेरणी तोंडावर आलीय. महिनाभर रोजगार बुडाला. धाकटी शेजाऱ्यांकडे पडून असते."

संध्याकाळी लेक त्यांच्या खोलीवर गेली. मुलाचे वडील परभणीकडचे, इथे माल चढवण्या-उतरवण्याचे काम करणारे. पिशव्या बांधून तयार होत्या. मुलगा दाराबाहेर पळत होता.

"काका, उपचार थांबवू नका."

"पण पोरगं चांगलं झालंय की आता. तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलं, रोग दिसत नाही म्हणून."

"रेमिशन म्हणजे मज्जेतल्या ब्लास्ट पेशींचं प्रमाण..." तिने सुरुवात केली आणि ती मध्येच थांबली. व्याख्या बरोबर होती, पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हते.

मग ती जमिनीवर बसली आणि तिने बोस्टनच्या मुलांची गोष्ट सांगितली. तीही अशीच उठून खेळू लागली होती. आई-बापांना वाटले होते, संकट टळले. पण रोग सापडतो तेव्हा अंगात सुमारे एक लाख कोटी वाईट पेशी असतात. शंभरातल्या नव्याण्णव मारल्या, तरी हजार कोटी उरतात. त्या दुर्बिणीखालीही सहज दिसत नाहीत. पण त्या असतात.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी हरळी."

"काय?"

"रानातली हरळी. वरनं काढली की रान साफ दिसतं. लोक म्हणतात, झालं. पण मुळी खाली राहते. पहिला पाऊस पडला की पुन्हा हिरवंगार. दोन-तीन वर्षं मागं लागून वेचावी लागते, तवा कुठं जाते."

"काका, अगदी तेच! दोन-अडीच वर्षं. मधला काळ कडक औषधांचा. मग रोज एक गोळी आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या गोळ्या."

"आन् परत आला, तर तवा द्यायचं औषध."

"परत आलेला रोग औषधाला दाद कमी देतो. आपल्याकडं २०२३ साली आय.आय.टी. मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयत्नांतून पेशींचा नवा उपचार आला. पण त्याला मान्यता मिळाली ती पंधरा वर्षांपुढच्यांसाठी. काका, पहिली संधी हीच सगळ्यांत मोठी असते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत अनेक औषधं एकत्र दिली, मेंदूकडची वाट अडवली आणि दोन-तीन वर्षं उपचार सोडला नाही, तेव्हा निम्मी मुलं जगायला लागली. आज पुढारलेल्या देशांत दहातली नऊ जगतात. आपल्याकडं तितकी जगत नाहीत, याचं एक कारण हेच आहे. मूल चांगलं दिसलं की आपण घरी नेतो."

दारातून मुलगा ओरडला, "बाबा, बघा ना, मी किती जोरात पळतो!"

वडिलांनी उठून एक पिशवी सोडली आणि पोराचे कपडे पुन्हा दोरीवर टाकले. पेरणीला ते एकटेच गेले आणि पंधरा दिवसांनी परत आले. रुग्णालयातल्या समाजसेविकेने महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद केले. धाकटी दुपारची आजीपाशी राहू लागली.

गुरुवारची खूण

पुढचे महिने सोपे नव्हते. दोनदा पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या की सगळ्यांच्या पोटात गोळा आला. पण मावशींना नियम पाठ झाला होता. उपचार चालू असताना ताप आला, तर घरात गोळी देऊन वाट पाहायची नाही. रात्र असो, पाऊस असो, तडक रुग्णालय गाठायचे. एका मध्यरात्री त्यांनी तसेच केले आणि पोर वाचले.

वार्षिक परीक्षेत लेकीची तोंडी परीक्षा आली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "रेमिशन म्हणजे काय?"

"मज्जेत ब्लास्ट पेशी पाच टक्क्यांहून कमी, रक्ताचे आकडे पूर्ववत आणि शरीरात इतरत्र रोगाची खूण नाही." ती क्षणभर घुटमळली. "आणि सर, हे आई-वडिलांना सांगताना 'रोग दिसत नाही' एवढंच सांगून थांबायचं नाही. 'अजून गेलेला नाही' हेही त्याच दमात सांगायचं."

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे पुस्तकात कुठे आहे?"

"समासात, सर," ती म्हणाली.

मावशींच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर टांगलेले आहे. रोज रात्रीच्या गोळीची निळी फुली आणि दर गुरुवारी मेथोट्रेक्सेटभोवती लाल गोल. या गोळ्या आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतल्या तर जिवावर बेततात. म्हणून त्यांचा डबाही वेगळा ठेवला आहे. आता निळी फुली मुलगा स्वतःच मारतो. तो पहिलीत जातो, त्याचे केस पुन्हा दाट झाले आहेत, आणि त्याच्याकडे पाहून कोणीही म्हणेल, याला काय झालेय?

अजून १४ महिन्यांचे गुरुवार बाकी आहेत. वडील दर आठवड्याला कॅलेंडरापुढे उभे राहून ते मोजतात. रान साफ दिसत असतानाही खुरपे हातातून खाली ठेवायचे नसते, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.